कंस कोणी उघडला? पाटणचा मठ, खर्डीची वही आणि दोन खोट्या कहाण्या

१/
मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहापूर तालुक्यात, खर्डी हे स्थानक आहे. तेथल्या आठवीतल्या एखाद्या मुलाच्या वहीत पुढील समीकरण आढळले तर त्यात नवल नाही:
क्ष + ११० = ६(२क्ष − ११०)
पुढे काय करायचे हे ठरलेले असते. कंस सोडवायचा, पदे ‘चिन्ह बदलून’ पलीकडे न्यायची, क्ष = ७० असे लिहायचे आणि पुढच्या गणिताकडे वळायचे. हे समीकरण कोणाचे, कंस कोणत्या न्यायाने सुटतो आणि चिन्ह का बदलते, हे तीन प्रश्न मात्र वहीत कोठेच येत नाहीत.

२/
हे प्रश्न वहीबाहेर विचारले की दोन कहाण्या ऐकायला मिळतात. पहिली सांगते, बीजगणित ही इंग्रजांची देणगी; त्यांच्या शाळा आल्या नसत्या तर येथे कोणाला क्ष ठाऊक झाला नसता. दुसरी सांगते, हे सारे वेदांतच होते. सोळा सूत्रे पाठ करा, उत्तर चुटकीसरशी येते. दोन्ही कहाण्या लोकप्रिय आहेत आणि इतिहास म्हणून दोन्ही खोट्या आहेत. एकीने अभिमान दुखावतो, दुसरीने सुखावतो, इतकाच त्यांच्यात फरक. कंस का सुटतो, हे दोघींपैकी एकही सांगत नाही.

३/
प्रथम समीकरणाचा मालक शोधू जाता तो सापडतो भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे ज्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे भाग मानले जातात, तो ११५० चा. उदाहरण असे: एक जण म्हणतो, “मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन.” दुसरा म्हणतो, “तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन.” तर प्रत्येकाजवळ किती धन?

४/
येथे अज्ञात राशी दोन आहेत. भास्कराचार्य त्या एकीवर आणतात. पहिल्याचे धन २या − १०० मानावे, दुसऱ्याचे या + १००. (‘या’ म्हणजे ‘यावत्तावत्’, आजचा क्ष.) दुसऱ्याने शंभर दिले की त्याच्याजवळ ‘या’ उरतात आणि पहिल्याजवळ ‘२या’ होतात. पहिली अट आपोआप पुरी झाली. दुसऱ्या अटीसाठी दहा इकडून तिकडे जातात आणि समीकरण उभे राहते: या + ११० = ६(२या − ११०). खर्डीच्या वहीतले समीकरण ते हेच.

५/
आता कंस. सहाने गुणायचे ते केवळ २या ला नव्हे, ११० लाही. म्हणून ६(२या − ११०) = १२या − ६६०. मग या + ११० = १२या − ६६०, म्हणजे ११या = ७७०, म्हणजे या = ७०. पहिल्याचे धन ४०, दुसऱ्याचे १७०. ताळा: ४० + १०० = १४०, आणि ते १७० − १०० = ७० च्या दुप्पट. १७० + १० = १८०, आणि ते ४० − १० = ३० च्या सहापट. गुणक कंसातल्या प्रत्येक पदाला वाटला जातो, म्हणून आजच्या पाठ्यपुस्तकात याला ‘वितरण गुणधर्म’ म्हणतात.

६/
हा वाटणीचा नियम भास्कराचार्यांनी गृहीत धरून सोडून दिला होता काय? नाही. ‘लीलावती’त त्याला नाव आहे: खंडगुणन. उदाहरण १३५ गुणिले १२ चे. बाराचे ८ आणि ४ असे तुकडे करावेत; १३५ × ८ = १०८०, १३५ × ४ = ५४०; बेरीज १६२०. किंवा गुणक सोयीचा करण्यासाठी त्यात इष्ट संख्या मिळवावी आणि नंतर तेवढा भाग वजा करावा: १३५ × २० = २७००, त्यातून १३५ × ८ = १०८० वजा, पुन्हा १६२०. बेरजेवर वितरण आणि वजाबाकीवर वितरण, दोन्ही येथे आहेत.

७/
त्याहून महत्त्वाचे पाऊल ‘बीजगणित’ ग्रंथात आहे. तेथे भास्कराचार्य सांगतात की गुणकाचे जितके खंड, तितक्या ठिकाणी गुण्य मांडावे, प्रत्येक खंडाने गुणावे आणि बेरीज करावी. व्यक्त संख्यांसाठी सांगितलेला हाच खंडगुणनाचा विधी अव्यक्त राशींना आणि करणींनाही लावावा. १३५ ला जो न्याय, तोच ‘या’ ला. ठाऊक असलेल्या संख्येचा नियम ठाऊक नसलेल्या संख्येलाही लागू पडतो, हे जाणणे म्हणजेच बीजगणित. चिन्हे आणि कंस नंतरचे.

८/
लिहिण्याची रीत मात्र वेगळी होती, आणि हे लपवण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांच्या मांडणीत आजचे कंस नाहीत, बरोबरचे चिन्हही नाही. ते चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्डच्या इंग्रजी पुस्तकात प्रथम छापले गेले. येथे दोन पक्ष एकाखाली एक लिहीत: वर एक पक्ष, खाली दुसरा, ‘या’ खाली ‘या’, ‘रू’ म्हणजे रूपे, त्यांखाली रूपे. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. सावकाराच्या वहीत जसे जमेखाली जमा आणि नावेखाली नावे, तसे.

९/
‘चिन्ह बदलून पलीकडे’ या मंत्राचे मूळही तेथेच दिसते. भास्कराचार्यांच्या सांगण्यात पद कोठेही उडी मारत नाही. दोन्ही पक्षांतून सारखेच वजा करावे, दोहोंत सारखेच मिळवावे, दोहोंना सारख्यानेच गुणावे वा भागावे. समता ढळत नाही. यास समशोधन म्हणत. दोन्ही बाजूंतून ‘या’ काढला म्हणून तो डावीकडे दिसेनासा झाला आणि उजवीकडे वजा म्हणून उमटला. चिन्ह बदलले असे वाटते. घडलेली असते ती दोन्ही पारड्यांतली सारखी वजाबाकी.

१०/
आता पहिली कहाणी तपासावी. ‘इंग्रजांनी आणले’ म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. ‘लीलावती’चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारात फैजीने १५८७ मध्ये केले, ‘बीजगणित’ शाहजहानच्या काळात फारसीत गेले. जॉन टेलरने केलेले ‘लीलावती’चे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईतच छापले गेले, कोलब्रुकचे भाषांतर १८१७ चे. ‘डिस्ट्रिब्युटिव्ह’ हे विशेषणही गणितात फार जुने नाही. सर्व्हवा या फ्रेंच गणितज्ञाने ते १८१४ मध्ये वापरात आणले. नाव १८१४ चे आहे म्हणून कल्पनाही १८१४ ची, असे म्हणणे म्हणजे बारशाच्या तारखेलाच मूल जन्मले असे मानणे.

११/
पण या कहाणीत एक खरा अंशही आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली इंग्रजी गणितग्रंथांची मराठी रूपांतरे तयार झाली. शास्त्रीपंडितांच्या मदतीनेच ती झाली, परंतु छापील होती आणि मराठीत होती. संस्कृत येत नसलेल्या मुलासमोर बीजगणिताचे पान उघडण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली. विषय आणल्याचे श्रेय इंग्रजांचे नाही. शाळेच्या दाराची रुंदी वाढण्याचे काही श्रेय मात्र त्या छापखान्याचे आहे.

१२/
दुसरी कहाणी अधिक गोड, म्हणून अधिक घातक. ‘वैदिक गणित’ या नावाने जे विकले जाते, त्याचा उगम भारती कृष्ण तीर्थ या पुरीच्या शंकराचार्यांच्या पुस्तकात आहे. त्यांचे निधन १९६० मध्ये झाले. पुस्तक बनारसला १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टातील आहेत, असा दावा होता. कृपाशंकर शुक्ल या गणितेतिहासकारांनी छापील परिशिष्ट त्यांच्यासमोर ठेवून सूत्रे कोठे आहेत असे १९५० मध्ये विचारले. ती आपल्या स्वतःच्या परिशिष्टात आहेत, असे उत्तर मिळाले.

१३/
पुस्तकाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीही प्रास्ताविकात मान्य केले की ज्ञात परिशिष्टात ही सूत्रे आढळत नाहीत. म्हणजे पुस्तकाच्या आरंभीच दाव्याचा निकाल लागला आहे. ते पान उघडण्याचे कष्ट मात्र प्रचारक घेत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणितज्ञ श्रीकृष्ण दाणी यांनी १९९३ मध्ये याची सविस्तर चिकित्सा केली. तिलाही तीस वर्षे उलटून गेली. सूत्रांचे वर्ग तरीही भरतच आहेत.

१४/
या कहाणीने चोरी कोणाकडे केली, ते पाहावे. ‘परावर्त्य योजयेत्’ या सूत्राखाली एक सोपे समीकरण सांगितले जाते: अक्ष + ब = कक्ष + ड असेल, तर ड मधून ब वजा करावा आणि त्यास अ आणि क यांच्या अंतराने भागावे. हाच नियम आर्यभटाने ४९९ मध्ये ‘आर्यभटीया’च्या गणितपादात दिला आहे. दोन पुरुषांजवळ काही गुलिका, म्हणजे अज्ञात मोलाच्या वस्तू, आणि काही रुपये. दोघांची संपत्ती समान. रुपयांच्या अंतराला गुलिकांच्या अंतराने भागा, गुलिकेचे मोल मिळते. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये तोच नियम अव्यक्तासाठी सांगितला.

१५/
आर्यभटाने आपले नाव ग्रंथात नोंदवले, काळ नोंदवला. ब्रह्मगुप्ताने तेच केले, भास्कराचार्यांनीही. नाव, गाव, वर्ष असलेल्या हाडामांसाच्या गणितज्ञांचे काम उचलून विसाव्या शतकातल्या निनावी सूत्राच्या पदरात टाकायचे, आणि त्यास परंपरेचा अभिमान म्हणायचे! परंपरेचा याहून मोठा अवमान दुसरा कोणता? ‘पण त्या युक्त्या चालतात ना?’ असा बचाव केला जातो. चालतात; कारण त्यांतल्या बऱ्याच साध्या बैजिक सर्वसमता आहेत, आणि बहुतेकींच्या मुळाशी खंडगुणनच आहे. वाद युक्तीशी नाही. तिच्या खोट्या जन्मपत्रिकेशी आहे.

१६/
जगातही हा न्याय एकाच कुळाचा नव्हे. युक्लिडच्या दुसऱ्या पुस्तकाचे पहिले प्रमेय आयताचे तुकडे करून हेच सांगते: एक बाजू अखंड ठेवली आणि दुसरीचे खंड केले, तर लहान आयतांची बेरीज मोठ्या आयताइतकीच. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी ‘दहा आणि काही’ अशा जोडराशींचे गुणाकार पदापदाने करतो. जेथे जमीन मोजली जाते आणि माल विकला जातो, तेथे हा न्याय कोणालातरी सापडतोच. ‘प्रथम कोण’ या शर्यतीत म्हणूनच फारसा अर्थ नाही. कोणी कारण दिले, हा प्रश्न अधिक मोलाचा.

१७/
आणि कारण देण्याची परंपरा येथे होती. तिचे नाव उपपत्ती. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. तिचे मोल उपपत्तींत आहे. व्यक्त असो वा अव्यक्त, उपपत्तीवाचून गणित करणारा निःशंक होत नाही आणि जाणत्यांच्या सभेत त्याला प्रतिष्ठा मिळत नाही, अशी त्यांची भूमिका. ज्या मातीत हे लिहिले गेले, तेथेच आज ‘सूत्र पाठ करा, कारण विचारू नका’ हे परंपरेच्या नावाने शिकवले जावे, हा विपर्यास आहे.

१८/
आता अभिमान बाळगणाऱ्यांना अडचणीची गोष्ट. खर्डीवरून जाणारा हाच लोहमार्ग कसारा, थळघाट, इगतपुरी, नाशिक, मनमाड करीत चाळीसगावला पोहोचतो. तेथून दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. भास्कराचार्यांचे जन्मगाव कोणते यावर वाद आहे; पाटणच्या शिलालेखाविषयी नाही. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू आणि यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, आणि १२०७ च्या सुमारास निकुंभ सोइदेवाने त्याला दान दिले, अशी त्यात नोंद आहे.

१९/
त्या लेखाचा बहुतांश संस्कृतात आहे. शेवटचा भाग मात्र जुन्या मराठीत आहे, कारण त्यात वसुलीची बाब आहे: पाटणच्या बाजारात जे विकले जाईल त्यावरचा राजाचा हक्क मठाला, आणि घाण्यागणिक पळीभर तेल. तेल्याला आणि व्यापाऱ्याला काय द्यायचे हे समजावे, म्हणून ते त्यांच्या भाषेत. मठात काय शिकवले जाई, ते मात्र त्यांच्या भाषेत नव्हते. बीजगणिताचा दिवा तेल्याच्या तेलावर जळत होता आणि त्याचा उजेड तेल्याच्या मुलापर्यंत पोहोचण्याची सोय नव्हती. जो इतिहास भास्कराचार्यांचे नाव घेतो आणि ही पळी विसरतो, तो अर्धाच इतिहास.

२०/
तरीही त्या तेल्याला खंडगुणन येत नव्हते, असे समजू नये. मराठी मुलखात पंतोजींच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. बारा सवाया पंधरा: बारा आणि बाराचा पाव. हे वितरणच. खर्डीच्या बाजारात भाजी विकणारी बाई बारा किलोचा पंचेचाळीसच्या भावाने हिशेब करताना ‘दहाचे साडेचारशे, दोनचे नव्वद, पाचशे चाळीस’ म्हणते, तेव्हा ती भास्कराचार्यांचाच विधी वापरते. तिच्या मुलाला शाळेत सांगितले जाते की वितरण गुणधर्म नावाचे काही अवघड आहे.

२१/
यात प्रत्यक्ष पणाला काय लागते? शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यातली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. आधी उचल, दर आठवड्याला खर्ची, आणि हंगामाअखेर हिशेब. समजा, हजार विटांना ६०० रुपये दर, आणि पावसात मोडलेल्या ५ हजार विटा मालक धरत नाही. उचल २०,००० आणि खर्ची १०,०००. पैकी ३,००० रुपये प्रवासाचे, ते मालकाने सोसायचे ठरलेले. हिशेब फिटायला किती हजार विटा पाडाव्या लागतील?
६००(क्ष − ५) = २०,००० + १०,००० − ३,०००

२२/
कंस नीट उघडला तर ६००क्ष − ३,००० = २७,०००, म्हणून क्ष = ५०. पन्नास हजार विटा. आता वहीत त्या तीन हजारांचे चिन्ह फिरले आणि ते वजा होण्याऐवजी मिळवले गेले, तर उजवीकडे ३३,००० होतात आणि क्ष = ६०. एका चिन्हापायी दहा हजार विटा जास्त. वजावटीतून जे वगळायचे ते मजुराच्या पदरात परत पडते. ‘ऋणाचे ऋण ते धन’ या ब्रह्मगुप्ताच्या नियमाचा अर्थ येथे इतका उघड आहे. वेठबिगार पद्धतीचे निर्मूलन करणारा कायदा १९७६ चा आहे. पण कायद्याकडे जायलाही आपला हिशेब चुकवला गेला, हे आधी कळावे लागते.

२३/
म्हणून ‘पाठ करा, मार्क मिळतील’ हा युक्तिवाद खर्डीत सर्वाधिक महाग पडतो. पाठ केलेला मंत्र परीक्षेतल्या समीकरणाला लागतो. मुकादमाच्या वहीत समीकरण समीकरणाच्या वेषात येत नाही. तेथे कंस दिसत नाही, क्ष दिसत नाही. दिसते ती आकड्यांची रांग आणि ‘बाकी’ हा शब्द. वाटणीचा न्याय ज्याला कळला, त्याला ती रांग वाचता येते. ज्याने केवळ ‘चिन्ह बदलून पलीकडे’ घोकले, त्याला कोणते चिन्ह कोणी बदलले, हे विचारता येत नाही.

२४/
इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांपुढे येथे दोनच कामे आहेत. पहिले: भास्कराचार्यांविषयी काही प्रसृत करायचे असेल, तर सोबत त्यांचे एक उदाहरण पूर्ण सोडवून द्यावे, चाळीस आणि एकशे सत्तर कसे आले ते दाखवावे. जी कौतुकाची नोंद एकही पायरी दाखवू शकत नाही, ती इतिहास नव्हे, जाहिरात. दुसरे: ज्या दाव्याला ग्रंथ, कर्ता आणि काळ नाही, तो कितीही सुखद असला तरी पुढे धाडू नये.

२५/
शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मराठी शाळांतले शिक्षक. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात त्यांनी ग्रंथागणिक कर्ता, काळ आणि आधार तपासून मांडले. जेथे परकीय विद्वान चुकले तेथे त्यांना, आणि जेथे आपले समज चुकले तेथे आपल्यांनाही सोडले नाही. मराठीत गणितेतिहासाची शिस्त घालून देणारे काम शाळामास्तराने केले आहे. खर्डीच्या आठवीच्या वर्गात क्ष + ११० = ६(२क्ष − ११०) फळ्यावर लिहिताना, बाजूला ‘११५०’ हा आकडा आणि खाली ‘दोन्ही पक्षांतून सारखेच वजा’ एवढे चार शब्द लिहायला कोणत्याही नव्या सूत्राची गरज नाही.